वाफेच्या नळांतील धातूचा भाता

लोहाराच्या भात्याशी आपला परिचय जुना आहे. त्याचाच हा धाकटा बंधू. मात्र हा चामड्याचा नसून पातळ स्टेनलेस पोलादाचा असतो आणि वारा घालण्याऐवजी तप्त नळाची वाढ आपल्या घड्यांत सामावून घेतो. बाजारात त्यास ‘बेलोज’ किंवा ‘एक्स्पान्शन जॉइंट’ म्हणतात.

इंदूरला वाफेचे अप्रूप नाही. सर सेठ हुकुमचंद यांच्या नावाची गिरणी १९९१ साली बंद पडली. तोवर सुताला खळ लावणे, कापड रंगविणे आणि सुकविणे ही गिरणीकामे वाफेवरच चालत. आज औषधे, खाद्यतेल व खाद्यपदार्थ यांचे कारखाने वाफ वापरतात, आणि त्यांना लागणारे सुटे सामान पोलोग्राउंडसारख्या वसाहतींतील लहान कारखाने व आपले लोहामंडीतील बंधू पुरवितात.

तीस मीटर लांबीचा साधा पोलादी नळ ३० अंशांवरून १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की सुमारे ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून अधिक वाढतो. या वाढीस वाट न मिळाल्यास नळ वाकतो, सांधे गळू लागतात. पूर्वी यासाठी नळालाच मोठे वळण देत. जागा अपुरी पडली की भाता बसवावा लागतो. पत्रा वळवून त्याची एकच उभी शिवण आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली सांधतात आणि आतून पाण्याचा दाब देऊन किंवा रुळांनी घड्या पाडतात. पत्रा पातळ असतो म्हणूनच तो लवचीक असतो. जाड पत्रा मागणारे ग्राहक भेटतात, त्यांना हे समजावणे कठीण जाते!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भाता लवतो, नळास धरून ठेवत नाही. २५० मिलिमीटर सरासरी व्यासाच्या भात्यात चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असेल, तर तो दोन्हीकडील नळांना सुमारे ५ टन जोराने दूर ढकलतो. हा जोर भक्कम खुंटांनी किंवा बांधणीच्या सळयांनी पेलावा लागतो. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे १ जून १९७४ रोजी काय घडले ते पाहावे. तडा गेलेली एक टाकी काढून तिच्या दोन बाजूंच्या टाक्या तात्पुरत्या वाकड्या नळाने जोडल्या होत्या. नळाच्या दोन्ही टोकांस भाते होते. आराखडा म्हणून कार्यशाळेच्या फरशीवर खडूने आकृती काढली होती. आधार पाडाच्या नळ्यांचा. भात्याच्या उत्पादकाची मार्गदर्शिका कोणी उघडलीही नाही. स्फोटात २८ माणसे मेली.

म्हणून नुसता व्यास व भाव सांगून माल देणे मला अपुरे वाटते. दाब किती, तापमान किती, नळ कोणत्या दिशेस सरकेल, आणि त्याचे खुंट कोठे आहेत, हे विचारल्याविना बिल फाडू नये.

दुसरी गोष्ट धातूची. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे अस्सल मालाच्या जागी नकली देणे. ३०४ प्रतीच्या नावाखाली स्वस्त २०० मालिकेचा पत्रा खपविणे याहून निराळे नाही. चुंबक येथे साक्ष देत नाही, कारण दोन्हींस तो सहसा चिकटत नाही. रासायनिक चाचणीचा दाखलाच हवा. पुन्हा, ३०४ असला तरी क्षारयुक्त ओलाव्यात व उष्णतेत ताणाखालील पत्र्यास बारीक तडे जातात, हेही ग्राहकास सांगावे.

शेवटी सळयांविषयी. वाहतुकीत भाता ताणू नये म्हणून लावलेल्या सळया सामान्यतः पिवळ्या रंगविलेल्या असतात. त्या भाता बसविल्यावर, वाफ सोडण्यापूर्वी, काढावयाच्या. बांधणीच्या सळया मात्र कायम राहावयाच्या. फिटर घाईत दोन्ही सारख्याच समजून सोडवितो. तेव्हा कोणत्या काढावयाच्या व कोणत्या ठेवावयाच्या, हे मराठी-हिंदीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक भात्यास बांधून पाठवावी. तिला दोन आणेही खर्च येत नाही.