मोकळा काटा

पुण्यात वारज्याच्या बायपासलगत एका वजनकाट्यावर खडीचे डंपर रांगेत उभे होते. त्यांच्या मध्ये मी माझी जुनी मारुती 800 नेऊन उभी केली. काट्यावरच्या मुलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काका, मोकळा काटा करायचाय की भरलेला?" मोकळा म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. मी "मोकळाच" म्हणालो आणि खाली उतरलो. लाल आकडे जरा हलले आणि 740 वर थांबले. आरसी पुस्तकात 665 लिहिलेलं आहे. म्हणजे पाऊण क्विंटल ओझं मी रोज विनाकारण फिरवत होतो.

घरी येऊन डिकी रिकामी केली. उरलेल्या फरशीची पेटी, एक मेलेली बॅटरी, पाण्याचे दोन कॅन. टपावर लोखंडी कॅरिअर, वडिलांना घेऊन पंढरपूरला गेलो तेव्हा बसवलेला आणि मग कधीच न उतरवलेला. सगळं मिळून साठेक किलो.

या साठ किलोंची किंमत कुठल्या रस्त्यानं जाता त्यावर ठरते. वारज्यातून कर्वे रस्त्याकडे वळलात, तर दर सिग्नलला गाडी थांबते आणि पुन्हा चाळीसच्या वेगाला न्यावी लागते. दर वेळी या ओझ्यापायी जेमतेम अर्धा मिलिलिटर पेट्रोल जास्त जळतं. तेच सिंहगडाला निघालात, तर साडेसहाशे-सातशे मीटरचा चढ आहे. तेवढ्यात पन्नासेक मिलिलिटर, म्हणजे शंभरावर सिग्नलांचं पेट्रोल. बायपासवर ऐंशीच्या एकसारख्या वेगात मात्र वजन फारसं जाणवत नाही, तिथे इंजिनाचं भांडण हवेशी असतं. त्यामुळे हमरस्त्यावर फरशीच्या पेटीपेक्षा टपावरचा कॅरिअर जास्त नडतो.

पिकअपचं गणित याहून सरळ आहे. इंजिनाचा जोर तेवढाच राहतो, ढकलायचं वजन कमी होतं. माझ्यासकट 810 किलोंचे 750 झाले, तर गाडी आठेक टक्के जास्त चपळाईनं वेग घेते. इंजिनाला हातही न लावता! एव्हरेजबाबत अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा, की वजन दहा टक्के घटलं तर इंधनात सहा ते आठ टक्के फायदा होतो.

आपल्याकडे हा धडा सगळ्यांना एकदम मिळाला तो 1983 मध्ये. तोवर मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी पद्मिनी ही घरंदाज गाडी. इंजिन 1089 सीसी, ताकद चाळीसेक अश्वशक्ती, वजन नऊशे किलोंच्या घरात. मारुती आली ती 796 सीसीचं इंजिन घेऊन. ताकद जवळपास तेवढीच, वजन मात्र साडेसहाशेच्या आसपास. इंजिनाचा जोर थेट पुढच्या चाकांना दिल्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल लागलाच नाही. छोट्या इंजिनाची गाडी सिग्नलला पुढे निघून जाते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

पुण्यात वजन उतरवण्याचं काम सगळ्यात चिकाटीनं झालं ते नॅनोच्या वेळी. गिरीश वाघ यांच्या चमूनं टाटा मोटर्समध्ये उभी केलेली ही गाडी 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीत लोकांपुढे आली. वजन सहाशेच्या आसपास, इंजिन 624 सीसी, दोन सिलिंडरचं, तेही मागे. त्या गाडीजवळ बसून पाहिलं तर एकेक गोष्ट दिसत जाते. चाकाला चारऐवजी तीनच नट. काचेला एकच वायपर. चाकं बारा इंची. मागे वजन जास्त म्हणून मागचे टायर रुंद, पुढचे अरुंद. मागचं दार सुरुवातीला उघडतच नसे, त्यामुळे बिजागऱ्या, कुलूप आणि भोवतीची जादा मजबुती वाचली. मूळ हेतू पैसे वाचवण्याचा होता, पण कमी केलेल्या प्रत्येक भागाबरोबर वजनही उतरत गेलं. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं प्रमाणित केलेलं एव्हरेज लिटरला 23.6 किलोमीटर आलं. ही संस्था आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे, 1966 पासूनची. माझ्या मते एवढ्या बारकाईनं विचार केलेली दुसरी भारतीय गाडी नाही.

आणि तरीही 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या ताशी 64 किलोमीटरच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. सांगाडाच टिकला नाही. त्याच फेरीत बिनएअरबॅगच्या पोलोलाही शून्यच मिळालं, पण तिचा सांगाडा टिकला होता; एअरबॅग बसवल्यावर तीच गाडी चार ताऱ्यांवर गेली. दोघींची तुलना फार बोलकी आहे. सुरक्षितता नुसत्या किलोंवर ठरत नाही, पोलाद कोणतं आणि कुठे वापरलं यावर ठरते. बोरॉनमिश्रित पत्रा नऊशे अंशांच्या वर तापवतात आणि साच्यात दाबता दाबताच थंड करतात. तो पंधराशे मेगापास्कलचा ताण सोसतो, साध्या पत्र्याच्या चौपट-पाचपट. म्हणून दारांमधला खांब पातळ ठेवूनही भक्कम राहतो. डिसेंबर 2018 मध्ये पाच तारे मिळवणारी नेक्सॉन आपल्या रांजणगावचीच.

म्हणूनच माळवाडीतल्या एका गॅरेजात पाहिलेलं दृश्य मनातून जात नाही. विशीतला एक मुलगा गाडीचं मागचं सीट, दारांची आतली अस्तरं, तळाचं डांबरी शीट, सगळं काढून मागत होता. मिस्त्री त्याला समजावत होते, "बाळा, शीट काढलं तर आवाजानं डोकं उठेल. आणि दारातली ही दांडी बाजूनं धडक बसली तर तुझ्या बरगड्यांसाठी आहे." रॅलीच्या गाड्याही आतून अशाच सोलतात, हे खरं, पण त्यात पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्डिंग करून काही वजन परत घालतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते पक्कं केलं.

त्या मुलाला खरोखर फरक हवा असेल तर हलक्या रिमपासून सुरुवात करावी. चाकाला पुढे ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, त्यामुळे तिथला एक किलो डिकीतल्या किलोपेक्षा महाग पडतो. शिवाय चाक हलकं असलं की खड्ड्यावरून गेल्यावर ते लवकर रस्त्याला टेकतं.

कमी वजनाचा उपयोग थांबतानाही तेवढाच होतो. याच बायपासवर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना जड वाहनांचे ब्रेक तापतात आणि अपघात होतात, हे इथला प्रत्येक जण जाणतो. उतारावर वजनच गाडीला पुढे ढकलत असतं, आणि त्याची सगळी उष्णता ब्रेकच्या वाट्याला येते.

आठवड्यानं मी पुन्हा काट्यावर गेलो. आकडा 680 वर थांबला. पावती देताना मुलगा म्हणाला, "काका, स्टेपनीपण काढा की, अजून दहा किलो जातील." स्टेपनी, जॅक आणि लाल त्रिकोण मी डिकीतच ठेवले. कॅरिअर मात्र भंगारात गेला.