मतं ठरलेली असताना साक्ष कशाला द्यायची?

एपिसोडमध्ये एक प्रश्न अर्धवट राहिला होता. अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात बंदुकांवर निर्बंध आणणारं विधेयक आलं की शेकडो बंदूकधारक रजा टाकून राजधानीत येतात, तासन् तास ताटकळतात आणि दोन-तीन मिनिटं बोलून घरी जातात. समितीतल्या बहुतेक आमदारांची मतं तर आधीच ठरलेली असतात. मग हा खटाटोप कशासाठी?

कोलोरॅडोचं उदाहरण घेऊ. जुलै २०१२ मध्ये तिथल्या ऑरोरा शहरात एका सिनेमागृहात गोळीबार होऊन १२ जण मारले गेले. त्याच डिसेंबरमध्ये कनेटिकटच्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. त्यानंतर कोलोरॅडोच्या डेमोक्रॅट आमदारांनी सात विधेयकं आणली. त्यातल्या एका विधेयकानुसार १५ पेक्षा जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनच्या विक्रीवर बंदी येणार होती.

४ मार्च २०१३ ला डेन्व्हरमध्ये सिनेटच्या समित्यांनी एकाच दिवशी या सगळ्यांवर सुनावणी घेतली. बाहेर गाड्या हॉर्न वाजवत कॅपिटॉलभोवती फिरत होत्या. आत ऑरोरातल्या पीडितांची कुटुंबं बोलली, तसेच बंदूकधारकही बोलले. वेळ ठरवून दिलेला असल्यामुळे बरेच जण न बोलताच परतले.

विरोधकांचे मुद्दे फक्त ‘आमचा घटनादत्त हक्क’ एवढ्यावर थांबणारे नव्हते. शेरीफ (तिथे हे पद निवडून येतं) म्हणाले, आधी घेतलेलं मॅगझिन चालेल आणि नवं चालणार नाही. पण कुठलं कधी घेतलं हे आम्ही ओळखायचं कसं? मॅगझिन वापरणाऱ्यांनी दाखवून दिलं, की ‘सहज वाढवता येणारं’ मॅगझिनही बेकायदा ठरवलंत, तर तळ उघडणारी साधी मॅगझिनंही त्यात अडकतील. कायदा झाल्यावर ॲटर्नी जनरलना या शब्दांचा अर्थ स्पष्ट करणारी सूचना काढावी लागली, म्हणजे हरकत पोकळ नव्हती.

कॉलेजच्या आवारात परवानाधारकांनाही बंदूक नेऊ न देणाऱ्या विधेयकावर एक तरुणी बोलली. दुसऱ्या राज्यात विद्यापीठाच्या आवारात तिच्यावर बलात्कार झाला होता. परवाना होता, पण नियमामुळे बंदूक जवळ नव्हती. सिनेटर एव्ही हुडॅक तिला म्हणाल्या, की आकडेवारी तुमच्या बाजूनं नाही. नंतर त्यांनी माफी मागितली. चार दिवसांनी ते विधेयक मागे घेतलं गेलं. एका साक्षीनं ते पडलं असं मी म्हणणार नाही. पण ती साक्ष सगळ्यांच्या लक्षात राहिली.

सातपैकी पाच विधेयकांचे कायदे झाले. मतांचा हिशेब केला तर विरोधक हरले. पण गोष्ट तिथे संपली नाही. ‘आमचं ऐकूनच घेतलं नाही’ हा राग घेऊन लोक सह्या गोळा करायला निघाले. १० सप्टेंबर २०१३ ला सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि सिनेटर अँजेला हिरोन यांना मतदारांनी मुदतीआधीच पदावरून काढलं. कोलोरॅडोत आमदारांबाबत असं पहिल्यांदाच घडलं. हुडॅक यांच्याविरुद्धही सह्या सुरू झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मात्र हाही पूर्ण विजय नव्हता. मोर्स आणि हिरोन यांच्या जागा २०१४ मध्ये डेमोक्रॅट्सनी परत जिंकल्या. मॅगझिनची मर्यादा २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवली.

म्हणून मला वाटतं, साक्षीला त्या दिवसाच्या मतदानाच्या तराजूत तोलू नये. तिथे मसुद्यातल्या चुका उघड होतात. कोण कुणाशी कसं वागलं याची नोंद राहते. आणि रांगेत उभे राहिलेले अनोळखी लोक एकमेकांना सापडतात. बंदुकांबद्दल तुमचं मत काहीही असो (माझं निर्बंधांच्या बाजूनं आहे), हे तिन्ही फायदे सगळ्यांना सारखेच मिळतात. आपल्याकडच्या ‘हरकती व सूचना’ आणि जनसुनावण्यांनाही हेच लागू आहे.

तुम्ही अमेरिकेत असाल तर तुमच्या राज्यातल्या एखाद्या सुनावणीचं रेकॉर्डिंग तासभर ऐका. आपल्याला न पटणाऱ्या बाजूच्या साक्षी आधी ऐका. त्या ऐकताना आपल्या बाजूच्या मसुद्यातली भोकं दिसायला लागतात.