पीएच.डी.नंतरची वाट

आपल्या भागात पीएच.डी. हे शिक्षणाचे शिखर समजले जाते. नावामागे ‘डॉ.’ लागले की गावात सत्कार होतो आणि पुढे चर्चा उरते ती प्राध्यापकाच्या जागेची. विज्ञान व अभियांत्रिकीत मात्र संशोधकाची खरी पारख त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत होते. या टप्प्यास पीएच.डी.-उत्तर संशोधन, म्हणजेच ‘पोस्टडॉक’, म्हणतात. असा संशोधक विद्यार्थी नसतो आणि कायम नोकरदारही नसतो. अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, ठरावीक मुदतीसाठी, मासिक अधिछात्रवृत्तीवर तो काम करतो. आयआयटी किंवा आयसरमध्ये अध्यापकाची निवड होताना हा अनुभव आवर्जून पाहिला जातो.

जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यातील विद्यार्थ्याची वाट नेमकी येथे खुंटते. बार्टीची अधिछात्रवृत्ती पीएच.डी.पर्यंत हात धरते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी.साठीच आहे. पुढचे सांगणारे घरात कोणी नसते.

देशातील प्रमुख योजना ‘नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप’ ही होय. पूर्वी ती विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती. २०२३ च्या कायद्यान्वये ते मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले. मुदत दोन वर्षांची, वयोमर्यादा ३५. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, महिला व दिव्यांगांना पाच वर्षांची सवलत. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. म्हणून जातीचा दाखला केंद्र शासनाच्या नमुन्यात आधीच काढून ठेवावा. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पीएच.डी. झाली, तर हाती पुरेशी वर्षे राहतात. मध्ये बरीच वर्षे घरासाठी नोकरी करावी लागलेल्यास ही सवलतच तारते.

अर्जाहून अवघड काम मार्गदर्शक मिळविण्याचे. संस्थेचे नाव पाहून पन्नास जणांना एकच पत्र पाठविणे निरर्थक होय. ज्यांच्याकडे जायचे त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत आणि त्यांच्या कामात आपल्या कौशल्याची भर कोठे पडेल, हे एका पानात लिहावे. शक्यतो पीएच.डी.ची प्रयोगशाळा सोडून अन्यत्र जावे. त्याच मार्गदर्शकाकडे राहिल्यास नवे तंत्र हाती लागत नाही. इंग्रजीचा धाक अकारण वाटतो. शास्त्रज्ञास अलंकारिक भाषा नको असते, नेमका मुद्दा हवा असतो.

परदेशी योजनांत बहुधा वयापेक्षा पदवीची तारीख मोजतात. जर्मनीची हम्बोल्ट अधिछात्रवृत्ती नवोदितांना पीएच.डी.नंतर चार वर्षांच्या आत मिळते. तेव्हा प्रबंध सादर होताच तयारी सुरू करावी.

पुणे-मुंबईच्या संस्था सर्वांना ठाऊक आहेत. पण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? केंद्राने २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या यंत्रास भौतिकशास्त्रज्ञांइतकेच लेसर, निर्वात तंत्र, नियंत्रण प्रणाली व संगणन जाणणारे अभियंते लागतील. आज दहावीत असलेली मुले पीएच.डी. होतील, तेव्हा तेथे अशी माणसे हवीच असतील.