राखीव रनिंग बॅक: किंमत खेळाडूची की कामाची?

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतल्या ऑफिसांत फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टची गडबड सुरू होते. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत नोकरीनिमित्त गेलेली बरीच मराठी मंडळीही सहकाऱ्यांच्या आग्रहाने त्यात ओढली जातात. फँटसी क्रिकेटची सवय इथे फारशी कामी येत नाही. तिथे दर सामन्याला नवा संघ बांधता येतो आणि एकच विराट कोहली लाखो लोकांच्या संघात असू शकतो. इथे साधारण दहा-बारा जणांची लीग असते. पाळीपाळीने खेळाडू उचलायचे आणि एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. पंधरा-सोळा फेऱ्यांत बांधलेला हा संघ हंगामभर सांभाळायचा असतो.

पहिल्या पाच-सहा फेऱ्यांचा अभ्यास सगळेच करून येतात. खरी चूक होते ती दहाव्या फेरीनंतर, राखीव रनिंग बॅक उचलताना. रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅककडून चेंडू घेऊन समोरच्या भिंतीत घुसणारा खेळाडू. जवळजवळ प्रत्येक वेळी त्याला कुणीतरी आडवा पाडतो, त्यामुळे दुखापती ठरलेल्याच. अमेरिकन फुटबॉलची मुख्य लीग असलेल्या एनएफएलमध्ये संघ ३२ आहेत, आणि बारा जणांच्या लीगमध्ये दर आठवड्याला किमान २४ रनिंग बॅक मैदानात उतरवावे लागतात. शिवाय प्रत्येक संघाला एक आठवडा सुट्टी असते. म्हणजे मुख्य खेळाडू पुरणार नाहीत हे पहिल्या दिवसापासून उघड असतं. तरीही क्रमांक दोनच्या खेळाडूंची निवड बहुतेक जण ऐकीव समजुतींवर करतात. त्यांतल्या काही समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत की दरवर्षी त्याच चुका होतात.

“मुख्य खेळाडू जखमी झाला की त्याचं सगळं काम क्रमांक दोनकडे जातं.”

कधी कधी जातंही. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये सर्वात आधी उचलला जाणारा खेळाडू म्हणजे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचा ख्रिश्चन मॅकॅफ्री. ९ सप्टेंबरला सांता क्लारात न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा सामना सुरू व्हायच्या जेमतेम दीड तास आधी कळलं की तो खेळणार नाही. त्याच्या जागी जॉर्डन मेसन उतरला. आधीच्या दोन हंगामांत मिळून शंभर वेळाही त्याच्या हातात चेंडू आला नव्हता. त्या रात्री तो २८ वेळा चेंडू घेऊन पळाला, १४७ यार्ड काढले, एक टचडाउन केला. दहा यार्डांना एक गुण आणि टचडाउनला सहा गुण या नेहमीच्या हिशेबाने नुसत्या पळण्याचे २०.७ गुण झाले. एखाद्या पहिल्या फेरीतल्या खेळाडूकडून अपेक्षा असते तेवढे.

मेसनचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात राहतं, आणि म्हणूनच फसवतं. २०२१ मध्ये टेनेसी टायटन्सच्या डेरिक हेन्रीने पहिल्या आठ सामन्यांत ९३७ यार्ड काढले होते. ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या पायाला दुखापत झाली आणि तो बाहेर गेला. संघात राखीव म्हणून जेरेमी मॅकनिकल्स होता. ज्यांनी त्याला सांभाळून ठेवलं होतं त्यांना वाटलं, आता आपली पाळी. पण संघाने लगेच बाहेरून दोघांना आणलं: ३६ वर्षांचा एड्रियन पीटरसन आणि डाँटा फोरमन. लोक पीटरसनच्या नावावर तुटून पडले. तो तीन सामने खेळला आणि संघाने त्याला मोकळं केलं. उरलेल्या हंगामात काम आलं ते फोरमनकडे, आणि त्याने ५६६ यार्ड काढले. ऑगस्टमध्ये ड्राफ्ट झाला तेव्हा हेन्रीचा हा वारसदार संघाच्या यादीतही नव्हता.

२०२३ चं क्लीव्हलँड तर याहून शिकण्यासारखं आहे. १८ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये मुख्य रनिंग बॅक निक चबचा गुडघा मोडला. त्याच सामन्यात जेरोम फोर्डने १०० हून अधिक यार्ड काढले, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक लीगमध्ये सगळ्यांना फोर्डच हवा होता. त्यानंतर दोनच दिवसांत संघाने आपला जुना खेळाडू करीम हंट परत घेतला. हंगाम संपला तेव्हा फोर्डचे ८१३ यार्ड होते आणि पळून केलेले टचडाउन ४. हंटचे यार्ड फक्त ४११, पण टचडाउन ९. मधल्या मैदानातली मेहनत फोर्डने करायची आणि गोल लाइनजवळ चेंडू हंटकडे द्यायचा, अशी वाटणी झाली. एका टचडाउनचे सहा गुण म्हणजे साठ यार्डांची कमाई. म्हणून फोर्ड घेणाऱ्याला अर्धंच काम हाती लागलं.

रनिंग बॅकचं काम म्हणजे मुळात तीन निरनिराळी कामं असतात: पहिल्या-दुसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या पहिल्या दोहोंत) पळणं, तिसऱ्या डाउनला पास पकडणं व क्वार्टरबॅकचं रक्षण करणं, आणि गोल लाइनवर दोन यार्डांसाठी घुसणं. क्रमांक दोनचा खेळाडू यांतली किती कामं करू शकतो, आणि उरलेली करायला संघात आणखी कोण बसलंय, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत लावू नये. मेसनला ती रात्र मिळाली, कारण मॅकॅफ्रीच्या पाठीमागे असलेला अनुभवी इलायजा मिचेल हंगाम सुरू होण्याआधीच दुखापतीमुळे बाद झाला होता. वाटेकरीच उरला नव्हता. पुढे त्याच वर्षी १ डिसेंबरला बफेलोत मॅकॅफ्री आणि मेसन दोघंही एकाच सामन्यात जायबंदी झाले आणि काम आयझॅक गेरेंडोकडे गेलं.

“सरासरी बघा, जास्त चेंडू मिळाले तर हा काय करेल!”

हा मोह सुटणं सर्वात अवघड, कारण समोर आकडा असतो. डॅलसच्या टोनी पोलार्डने २०२२ मध्ये इझीकिएल इलियटसोबत खेळताना १९३ वेळा चेंडू घेऊन १००७ यार्ड काढले. एका वेळेला पाचहून जास्त यार्ड. इलियट गेला, २०२३ मध्ये पोलार्ड मुख्य झाला, आणि ड्राफ्टमध्ये त्याचा भाव चढला. हिशेब सोपा वाटत होता: आणखी साठ वेळा चेंडू म्हणजे आणखी तीनशे यार्ड. प्रत्यक्षात २५२ वेळा पळून झाले १००५. यार्ड जवळपास तितकेच, सरासरी चारवर आली, टचडाउनही घटले.

काही अंशी कारण त्याच्या पायात होतं. जानेवारीतल्या प्लेऑफ सामन्यात त्याचं डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. पण तेवढंच कारण नाही. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू मैदानात येतो तेव्हा समोरचे दमलेले असतात, तो स्वतः ताजा असतो, आणि प्रशिक्षक त्याच्यासाठी त्याला जमणारे डाव निवडतात. एक यार्ड हवा असताना नऊ-दहा जण समोर दाटून उभे असतात, त्या डावांना मुख्य खेळाडू जातो आणि त्याची सरासरी तिथे पडते. २०२२ मध्ये इलियटची सरासरी चारच्याही खाली होती, पण टचडाउन पोलार्डपेक्षा जास्त होते, १२ विरुद्ध ९. सरासरी हा कामाच्या वाटणीचा परिणाम असतो. वाटणी बदलली की सरासरीही बदलते.

मिनेसोटाच्या अलेक्झांडर मॅटिसनचंही तेच झालं. २०२१ मध्ये मुख्य खेळाडू डॅल्विन कुक नसताना त्याने एका सामन्यात ११२ आणि दुसऱ्यात ११३ यार्ड काढले. दोन वर्षं तो ‘सर्वोत्तम राखीव’ म्हणून मिरवला. २०२३ च्या जूनमध्ये कुकला संघाने सोडलं आणि जागा पूर्णपणे मॅटिसनची झाली. १८० वेळा पळून ७०० यार्ड, आणि पळून एकही टचडाउन नाही. हंगामाच्या शेवटी शेवटी टाय चँडलरने त्याची जागा घेतली. दोन चांगले सामने खेळता येणं वेगळं आणि सतरा सामन्यांचं ओझं पेलणं वेगळं. राखीव खेळाडूकडून मला पहिलंच अपेक्षित असतं, म्हणून २०२१ चा मॅटिसन माझ्या मते उत्तम निवड होता आणि २०२३ चा महागडा.

“आपल्या मुख्य खेळाडूचाच राखीव घ्यावा.”

अशा राखीवाला फँटसीच्या भाषेत हँडकफ म्हणतात, आणि जुने खेळाडू नवख्यांना हा सल्ला विम्यासारखा देतात. आकडे मांडून पाहू. समजा, तुमचा मुख्य खेळाडू आठवड्याला १८ गुण देतो, त्याची जागा मिळाल्यास राखीव १४ देईल, आणि तुमच्या फ्लेक्सच्या (एकाहून जास्त प्रकारचे खेळाडू चालतात त्या) जागी सध्या ८ गुणांचा कुणीतरी आहे. स्वतःचा हँडकफ तुमच्या उपयोगाला येईल तेव्हा तुमचे १८ गेलेले असतील. तुम्ही नुकसान कमी करताय, इतकंच. त्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या मुख्य खेळाडूचा राखीव तुमच्या बेंचवर असेल, आणि तो मुख्य खेळाडू जखमी झाला, तर तुमचे १८ शाबूत राहतात आणि फ्लेक्सवरचे ८ जाऊन १४ येतात. शिवाय प्रतिस्पर्धी तेवढ्याने खाली जातो. बेंचवर जागा पाच-सहाच असतात. लीग जिंकायची तर त्या जागा जिंकून देणाऱ्या शक्यतांवर खर्च कराव्यात.

“ड्राफ्टमध्ये जो वर गेला, तोच पुढचा वारस.”

इथे ड्राफ्ट म्हणजे एनएफएलचा खरा ड्राफ्ट. वरच्या फेरीत घेतलेल्या खेळाडूला संघ संधी जास्त देतो, हे खरं. पण हा नियम नाही. २०२१ मध्ये फोर्टीनायनर्सनी तिसऱ्या फेरीत ट्रे सर्मन घेतला आणि सहाव्या फेरीत इलायजा मिचेल. रहीम मॉस्टर्टनंतर सर्मन, असं सगळे धरून चालले होते आणि फँटसीत त्याला चांगल्या वरच्या फेरीत उचललं गेलं. पहिल्याच सामन्यात डेट्रॉइटमध्ये सर्मन तंदुरुस्त असूनही यादीबाहेर बसला, मॉस्टर्ट दोनदा पळून जखमी झाला, आणि मिचेलने १०४ यार्ड व टचडाउन केला. हंगामाअखेर त्याचे ९६३ यार्ड झाले. कॅन्सस सिटीतही पहिल्या फेरीत घेतलेल्या क्लाइड एडवर्ड्स-हिलेअरला मागे टाकलं ते सातव्या फेरीतल्या आयझाया पचेकोने.

“सराव सामन्यात चमकला, म्हणजे तयार झाला.”

ऑगस्टमध्ये बहुतेक संघांचे तीन सराव सामने होतात. त्यांत चौथ्या क्वार्टरमध्ये ऐंशी यार्ड काढणारा खेळाडू समोर कोण होतं ते विसरायला लावतो. समोर बहुधा ज्यांना पुढच्या आठवड्यात संघातून काढणार आहेत असे खेळाडू असतात. सराव सामन्यात यार्ड बघू नका, वेळ बघा. पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक मैदानात असताना त्याच्या शेजारी कोण उभा आहे? शेवटच्या सराव सामन्यात ज्याला पॅडही न घालता बाजूला बसवलंय, त्याच्यावर प्रशिक्षकाचा भरवसा आहे असं समजायला हरकत नाही.

आणि एक गोष्ट जरूर बघा, जिचा एकही गुण मिळत नाही. तिसरा डाउन आहे, आठ यार्ड हवेत. क्वार्टरबॅक पाससाठी मागे सरकतो आणि मधल्या फटीतून लाइनबॅकर सरळ त्याच्या अंगावर येतो. रनिंग बॅकने अर्ध्या सेकंदात तो ओळखायचा, पुढे पाऊल टाकायचं आणि छाती आडवी घालायची. नवखा खेळाडू इथे चुकीच्या माणसाकडे वळतो, क्वार्टरबॅक जमिनीवर पडतो, आणि पुढच्या डावाला दुसराच कुणीतरी आत येतो. कितीतरी वेगवान तरुण याच एका कारणाने ऑक्टोबर उलटेपर्यंत बाकावर बसतात. ज्याला हे जमतं त्याला तिसऱ्या डाउनचं काम मिळतं, आणि झेललेल्या प्रत्येक पासला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये ते काम सोन्याचं असतं.

“राखीव म्हणजे दुखापत होईपर्यंत बिनकामाचा.”

डेट्रॉइट लायन्सनी हे खोटं ठरवलंय. २०२३ मध्ये डेव्हिड माँटगोमेरीने १०१५ यार्ड आणि १३ टचडाउन केले, तर जमीर गिब्जने ९४५ यार्ड आणि १०. यांत मुख्य कोण आणि राखीव कोण? चांगली लाइन आणि भरपूर गुण करणारा संघ असेल तर दोघांचं भागतं. म्हणून दोन राखीव सारखेच वाटत असतील तर ज्याला आजच आठवड्याला सात-आठ वेळा चेंडू मिळतोय, तो घ्या. वाट बघण्याचा काळ त्याने सुसह्य होतो.

वाट किती बघायची, हाही प्रश्न आहेच. पहिल्या दोन आठवड्यांत राखीव खेळाडूचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी दिसला, किंवा तिसराच कुणी गोल लाइनवर दिसू लागला, तर त्याला सोडायला बिचकू नका. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्समध्ये कायरन विल्यम्सने पहिल्याच सामन्यात दोन टचडाउन केले आणि पुढच्याच सामन्यात तोवरचा मुख्य खेळाडू कॅम एकर्स यादीबाहेर गेला. तेव्हा ज्यांच्या बेंचवर एखादी जागा मोकळी करण्याची तयारी होती, त्यांना कायरन मिळाला. बारा सामन्यांत ११४४ यार्ड.

हँडकफचा सल्ला मात्र डिसेंबरात खरा ठरतो. चौदाव्या आठवड्यापर्यंत सगळ्या संघांच्या सुट्ट्या संपतात, फँटसीची बाद फेरी पंधराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, आणि बेंचवरचे तीन-चार खेळाडू पुन्हा कधीच उतरवायचे नसतात. त्या वेळी आपल्या मुख्य खेळाडूचा राखीव जवळ ठेवावा, कारण आता गमावण्यासारखं फार असतं आणि जागेची किंमत शून्य झालेली असते. ऑगस्टमध्ये ज्याच्यासाठी अकरावी फेरी खर्च करावी लागली असती, तो तोपर्यंत बहुतेक लीगमध्ये फुकट पडलेला असतो.