नावामागचा माणूस (भाग ५) : माळीकाम करणारा धोंडे पाटील

गेल्या आठवड्यात संत तुकारामनगरच्या आचार्य अत्रे रंगमंदिरापाशी थांबलो होतो. आज पिंपळे गुरव. इथल्या नाट्यगृहाला निळू फुले यांचं नाव आहे. मागे एकदा तिथे तिकिटाच्या रांगेत उभा होतो. पुढे कंपनीचा गणवेश घातलेली दोन पोरं होती, पहिली पाळी सुटल्यावर थेट आलेली. पाटी वाचून एकानं मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि घोगऱ्या आवाजात दुसऱ्याला ‘बाऽई’ म्हणून हाक मारली. नक्कल बरी होती. पण एवढ्या मोठ्या नटाचं लोकांनी एका हाकेत गाठोडं बांधून टाकलं, याचं मला फार वाईट वाटतं.

निळूभाऊ पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. नोकरी झाडांची आणि ओढ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची. हे कलापथक म्हणजेच त्यांची नाट्यशाळा. समोर मांडी घालून बसलेलं गाव, आणि कंटाळा आला की उठून घरी जायला मोकळं. अशा प्रेक्षकापुढे नट एक गोष्ट पक्की शिकतो : माणसाला धरून कसं ठेवायचं. पुलंच्या ‘पुढारी पाहिजे’मधल्या रोंगेनं त्यांचं नाव झालं, शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’नं ते गाजलं, आणि १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून ते पडद्यावर आले. १९७२ साली तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ त्यांनीच उभा केला. त्या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

मात्र निळूभाऊ काय चीज होते ते कळतं ‘सामना’त. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळे या माणसाचं काय झालं, एवढंच तो विचारत राहतो. दुसऱ्या एखाद्या नटानं इथे डोळे वटारले असते. निळूभाऊ पाहुणचार करतात. मास्तरला ठेवून घेतात, खाऊपिऊ घालतात, आपण उभं केलेलं सगळं हौसेनं दाखवतात. ज्याच्या शब्दावर कारखाना चालतो त्याला आवाज चढवायची गरजच नसते, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. म्हणूनच पुढे त्या पाटलाचं मन पोखरलं जातं तेव्हा आपल्यालाही कुठेतरी त्याची कीव येते. खलनायकाची कीव यायला लावणं सोपं नाही.

आपल्या पट्ट्यात पिंपरी, भोसरी, चाकणला पोटासाठी आलेला माणूस सोलापूरचा असो की बीडचा, असा एखादा धोंडे पाटील त्यानं गावाकडे पाहिलेला असतो. त्याला निळूभाऊंची भीती वाटली ती ओळखीतून. बायका तर त्यांना पाहून बोटं मोडायच्या, असं सांगतात. प्रत्यक्षात हा माणूस डॉ. लागूंच्या जोडीनं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटत होता, अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत उभा होता.

‘सिंहासन’ (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस पाहा. इथे दरारा नाही, टोपी नाही. हा माणूस सगळं बघतो, सगळं जाणतो आणि काहीच करू शकत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसू अंगावर येतं. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत अवघड भूमिका, कारण ती जवळजवळ सगळी नुसत्या नजरेवर पेललेली आहे. महेश भटच्या ‘सारांश’मुळे (१९८४) हिंदी प्रेक्षकालाही त्यांची जात कळली. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले.

रांगेतल्या त्या दोन पोरांना, आणि तुम्हालाही, एकच विनंती. या सुट्टीला ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ पाठोपाठ बघा. पुढच्या आठवड्यात प्राधिकरणातल्या गदिमा नाट्यगृहापाशी भेटू.