अंगावर पित्त उठतं तेव्हा

रात्री जेवणात कोळंबी झाली आणि तासाभरात मांड्यांवर, पाठीवर लालसर गांध्या उठल्या, की घरात आधी आमसुलं शोधली जातात. ती कोळून लावली तर गार वाटतं, बिघडत काही नाही. मात्र हा सगळा खेळ पोटातला नसून त्वचेतला असतो.

पाउल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली आपल्या प्रबंधात ज्या मास्ट पेशींचं वर्णन केलं, त्यांत हिस्टामिनचे कण ठासून भरलेले असतात. पेशी चेतवली गेली की ते बाहेर सांडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, कातडी फुगते आणि खाज सुटते. बॉलपेनने एखाद्या गांधीची कड आखून पाहा. बहुतेकदा काही तासांत ती विरते आणि दुसरी भलतीकडेच उठते. चोवीस तासांनंतरही ती तिथेच असेल, दुखत असेल किंवा जाताना काळानिळा डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांना सूज असल्याची शंका येते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

लहान मुलांत कारण पुष्कळदा साधा विषाणुसंसर्ग असतो, खापर मात्र वांग्यावर किंवा चॉकलेटवर फुटतं. मोठ्यांत वेदनाशामक गोळ्या, प्रतिजैविकं, मधमाशीचा डंख, काहींना नुसता थंड वारासुद्धा पुरतो. सहा आठवड्यांनंतरही पित्त उठतच राहिलं, तर खाण्यात कारण क्वचितच सापडतं. अनेकांत स्वतःची प्रतिकारयंत्रणाच मास्ट पेशींना डिवचत असते. तेव्हा पन्नास पदार्थांची महागडी चाचणी करून निम्मं ताट बंद करणं मला तरी व्यर्थ वाटतं. त्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने सेटिरिझिनसारखी गोळी नेमाने घेतलेली बरी.

घाई करायची ती वेगळ्याच वेळी. गांध्यांबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली, उलट्या किंवा चक्कर आली, तर आमसूलही नको आणि गोळीच्या गुणाची वाट पाहणंही नको. घसरता रक्तदाब आणि आवळलेली श्वासनलिका सावरते ती मांडीच्या स्नायूत दिलेल्या अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनने. १०८ला फोन करा. रोग्याला आडवं निजवून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. आणि इंजेक्शननंतर बरं वाटलं म्हणून लगेच घरी आणू नका, काही तासांनी लक्षणं पुन्हा उलटू शकतात.