चेटकीण तुझ्या मागे आहे!

'आजी, ती आंटी नाही, भाऊकाका है!'

गणपतीच्या मांडवात माझ्या मांडीवर बसलेली सात वर्षांची नात कानाशी लागून म्हणाली. समोर चार लाकडी तखत जोडून केलेल्या रंगमंचावर चेटकीण उभी होती. अंगावर हिरवं नऊवारी, नाकावर कणकेचा फोड आणि डोक्यावर सुतळीच्या जटा. भाऊकाका दिवसभर पॉवरलूमवर असतात. त्या रात्री ते चेटकीण झाले होते आणि हे गुपित मांडवातल्या झाडून सगळ्या पोरांना ठाऊक होतं. तरीही चेटकिणीनं काठी आपटली की पुढच्या दोन रांगा मागे सरकायच्या!

ही गोष्ट २०२३ च्या गणेशोत्सवातली. पण तिचं बी पाच वर्षं आधी पडलं होतं. २०१८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला बहिणीकडे गेले होते. तिच्या नातवंडांबरोबर रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' पाहायला गेले. चिन्मय मांडलेकर यांनी दिग्दर्शित केलेलं हे जुनं बालनाट्य तेव्हा नव्यानं रंगमंचावर आलं होतं. चेटकीण होते वैभव मांगले. पुढे इतर नटांनीही ती भूमिका केली. खरं सांगायचं तर मी नाटक कमी आणि मुलंच जास्त पाहिली. घरी मोबाइलवरून मान वर न करणारी पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती. चेटकिणीला उत्तरं देत होती, तिच्याशी भांडत होती. आणि सगळं भांडण मराठीत!

ते पाहून माझ्या पोटात कालवलं. आमच्या बुऱ्हाणपूरची मुलं आठवली. आमचा जिल्हा मध्य प्रदेशात. शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी, बाजार हिंदी, मैत्री हिंदी. माझी सूनबाई खंडव्याच्या हिंदीभाषक घरातली. पोर गुणाची आहे, माझ्याशी हौसेनं मराठी बोलते. पण नातीला मी मराठीत विचारावं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यावं, असं आमचं चालतं. तिला मराठी कळतं, पण ते तिच्या ओठांवर येत नाही. सीमेवरच्या कितीतरी घरांत हेच असेल.

बोलणारं 'मूकनाट्य'

'पँटोमाइम' म्हटलं की आपल्याला तोंडाला पांढरा रंग लावून न दिसणारी भिंत चाचपणारा मूकनट आठवतो. इंग्लंडात मात्र या नावाचा जो खेळ नाताळच्या सुमारास गावोगाव होतो, त्यात गप्प कोणीच नसतं. सिंड्रेला, अल्लाउद्दीन, हिमगौरी अशा सगळ्यांना पाठ असलेल्या परीकथा घ्यायच्या, त्यांत गाणी, फजिती आणि गावातल्या चालू घडामोडींवरचे टोमणे घालायचे, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचं. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणी बहुधा पुरुषच होतात. डॅन लीनो या विनोदी नटानं १९०२ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात 'मदर गूज' रंगवली, तिचं नाव आजही निघतं. आणि खलनायक नायकाच्या पाठीमागे येऊन उभा राहिला की सगळं नाट्यगृह ओरडतं, 'तुझ्या मागे आहे!' हे ओरडणं म्हणजे गोंधळ नव्हे. नाटकात त्यासाठी मुद्दाम जागा सोडलेली असते.

आपल्या मराठी बालरंगभूमीनंही ही जागा ओळखली होती. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधारानं 'लिटल थिएटर' सुरू केलं. त्यांचं पहिलं नाटक होतं मतकरींचं 'मधुमंजिरी'. लांब केसांच्या रापुन्झेलची ग्रिमबंधूंनी १८१२ मध्ये छापलेली जर्मन गोष्ट अशी मराठी होऊन आली. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी पत्नी प्रतिभाताईंसोबत 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण त्या काळी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. सुधाताई फेब्रुवारी २०१८ मध्ये गेल्या, मतकरी मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत. पण त्यांची चेटकीण अजून म्हातारी झालेली नाही.

पुण्यात १९८६ पासून 'ग्रिप्स'ची नाटकं सुरू झाली. त्यांनी पऱ्या-राक्षस बाजूला ठेवून मुलांचे घरातले, शाळेतले खरे प्रश्न मांडले. तेही हवंच. पण चेटकिणीसमोर सगळ्यांनी मिळून ओरडायची मजा वेगळी.

पुरुषानं स्त्रीची भूमिका करणं आपल्याला नवं नाही. जळगावचं खुलं नाट्यगृह ज्यांच्या नावाचं आहे, ते बालगंधर्व रंगमंचावर आले की हा पुरुष आहे, हे प्रेक्षक विसरत असत. चेटकिणीचं नेमकं उलट. इथे प्रेक्षकाला ते विसरू द्यायचं नाही. आवाज मध्येच जाडा व्हावा, लुगड्याचा काष्टा सावरताना तारांबळ उडावी. ही चेटकीण खरी नाही, हे माहीत असतं म्हणूनच मूल तिला पोटभर घाबरू शकतं.

तापीकाठची रापुन्झेल

मोठी नाटकं आमच्यापर्यंत क्वचितच येतात. नाट्यगृह, मुक्काम, गाडीभाडं, सगळा हिशेब असतो. जळगाव शंभर किलोमीटरच्या आत असलं, तरी लहान मुलं घेऊन रात्री परतणं सोपं नाही. तेव्हा ठरवलं, गल्लीच्या मंडळात आपणच करायचं. मतकरींच्या संहितेला हात न लावता मूळ ग्रिमकथेवरून चाळीस मिनिटांचं नाटुकलं मी लिहिलं.

पहिल्या तालमीतच माझी फजिती झाली. मी लिहिलं होतं, 'हे राजकन्ये, या उत्तुंग मनोऱ्यातून तुझी सुटका नाही!' पोरं माझ्याकडे बघत राहिली. एकानं विचारलं, 'मनोरा म्हणजे?' भाऊकाका म्हणाले, 'काकू, हे पुस्तकातलं आहे. आपण बोलतो तसं लिहा ना.' मला राग आला, पण म्हणणं खरं होतं. मग मनोऱ्याचा तापीकाठच्या शाही किल्ल्यातला बुरूज झाला. खाली तापीमाय वाहू लागली. चेटकिणीची झोप लूमच्या खडखडाटानं उडू लागली. वेणीवरून चढायला पैसे नकोत, दराबा आणा, असं ती म्हणू लागली. राजपुत्र केळीच्या ट्रकमध्ये लपून रावेरहून आला. मांडवातली मोठी माणसं हसली ती इथेच.

नाटकात एक वेळ अशी येते की राजपुत्र बुरुजाखाली वेणीची वाट पाहत उभा आहे आणि चेटकीण हळूच त्याच्या मागे येते. तिथे मी एकही संवाद लिहिला नव्हता. कागदावर फक्त होतं : थांबायचं.

भाऊकाका थांबले. एक क्षण, दोन क्षण, मांडवात चिडीचूप. माझी नात मांडीवरून ताडकन उठली आणि ओरडली, 'अरे पीछे! मागे! मागे देख ना!' मग सगळा मांडव ओरडायला लागला. निम्मा मराठीत, निम्मा हिंदीत. शेजारच्या गल्लीतली मुलंही कडेला उभी राहून ओरडत होती.

घरी येताना मी मनात 'मागे' आणि 'पीछे' मोजत होते. दोन विरुद्ध एक! मग माझं मलाच हसू आलं. एवढ्यानं मराठी वाचली, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी नातीनं नाश्ता हिंदीतच मागितला. पण एक गोष्ट कळली. आम्ही मोठी माणसं तिला मराठी शिकवत होतो, म्हणी पाठ करून घेत होतो, चुका काढत होतो. मराठीत ओरडायची गरज मात्र तिला कधी पडलीच नव्हती. भाषा तोंडात यायला समोर कुणीतरी संकटात असावं लागतं, आणि ते आपल्या हाकेनं वाचेल, असं वाटावं लागतं.

आणखी एक. खेळ संपल्यावर तिनं विचारलं, 'उसने वेणी कापून खिडकीला का नाही बांधली? खुद उतर जाती ना!' दोनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीला माझ्या नातीनं नवा शेवट दिला. आमची रापुन्झेल पुढच्या खेपेला स्वतःच उतरणार आहे.

तुमच्या मंडळासाठी

कुणाला करून पाहायचं असेल, तर अनुभवाचे चार बोल. गोष्ट मुलांना आधीच माहीत असलेली घ्या. वेळ चाळीस-पन्नास मिनिटांपुढे नेऊ नका. चेटकिणीसाठी ज्यांना सगळी गल्ली ओळखते असे गृहस्थ निवडा आणि त्यांची रंगरंगोटी मुलांसमोरच करा. आमच्याकडे हे पहिल्या रात्री राहून गेलं. तीन वर्षांचं एक बाळ एवढं घाबरलं की भाऊकाकांना प्रयोग थांबवून जटा काढून दाखवाव्या लागल्या. मुलांना पुढे बसवा आणि 'गप्प बसा' म्हणणाऱ्या मोठ्यांना मागे! संवाद घरच्या बोलीत लिहा. आणि मुलांच्या ओरडण्यासाठी जागा सोडा. ती जागा भरायची घाई करू नका, मुलं भरतात.

भाऊकाकांनी ते हिरवं लुगडं वहिनींना परत केलेलं नाही. आणि परवा नात त्यांच्या दारातून जाताना थबकली, आत डोकावून म्हणाली, 'चेटकीण, जेवलीस का?'

आतून जाड्या आवाजात उत्तर आलं, 'नाही. तुलाच खाणार आहे!'

ती किंचाळत घरी पळत आली. मी मागे वळून पाहिलं नाही, पण ऐकलं मात्र सगळं.